पूल टिकला, आणि तिथेच आग लागली

मागच्या अंकात दगडी कमानींच्या पुलांबद्दल लिहिताना अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या जॉन्सटाउनच्या पुलाचा एका ओळीत उल्लेख केला होता: १८८९ मध्ये वरचं धरण फुटून आलेल्या पुरात तो टिकला, आणि टिकल्यामुळेच माणसं मेली. त्या एका ओळीवर आलेल्या पत्रांना या वेळी सदराची सगळी जागा देतो आहे. रेल्वेच्या पुलांच्या देखभालीत माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे उत्तरं पुलाखालून पाहणाऱ्याची आहेत, हे वाचकांनी धरून चालावं.

प्रश्न : मुलीकडे पिट्सबर्गला गेले होते, तेव्हा तिने जॉन्सटाउन दाखवलं. धरण फुटलं, ते श्रीमंतांच्या मासेमारीच्या क्लबाचं होतं, २,२०९ माणसं गेली, हे तिथे कळलं. पण रेल्वेचं नेमकं काय झालं आणि तिचा यात काही दोष होता का, हे कुणी नीट सांगितलं नाही. — एक निवृत्त शिक्षिका, नाशिक

उत्तर : ताई, तुम्हाला सांगितलेली गोष्ट खरी आहे, फक्त ती क्लबपासून सुरू केलेली आहे. ती रेल्वेपासून सुरू केली की तिचं वजन बदलतं.

साउथ फोर्कचं ते मातीचं धरण पेनसिल्व्हेनिया राज्य सरकारने बांधलं, ते कालव्यासाठी. फिलाडेल्फिया ते पिट्सबर्ग माल नेण्यासाठी कालवे, आणि मधल्या ॲलेघेनी डोंगरावरून बोटी नि माल दोरखंडांनी वर ओढणारी ‘पोर्टेज रेलरोड’ असा तो संमिश्र मार्ग होता. जॉन्सटाउनच्या बाजूच्या कालव्याला उन्हाळ्यात पाणी कमी पडे, म्हणून वर डोंगरात हा साठा. १८३८ मध्ये काम सुरू झालं, पैशांअभावी रखडलं आणि १८५३ च्या सुमारास धरण पुरं झालं. उंची ७२ फूट, लांबी ९३१ फूट. तोवर पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा स्वतःचा लोहमार्ग पिट्सबर्गला पोचलाही होता. कालव्याची गरजच उरली नाही. १८५७ मध्ये त्याच रेल्वे कंपनीने तो सगळा मार्ग पंचाहत्तर लाख डॉलरना विकत घेतला, आणि त्यासोबत हे धरणही तिच्या पदरात पडलं.

कंपनीला ते नको होतं. १८६२ मध्ये ते एकदा फुटलं. साठा कमी होता म्हणून फारसं नुकसान झालं नाही, आणि तसंच पडू दिलं गेलं. १८७५ मध्ये ते जॉन रायली यांना विकलं. रायली रेल्वेतलेच बडे अधिकारी आणि अमेरिकी काँग्रेसचे सदस्य. धरणाच्या तळाशी पाणी सोडण्यासाठी ओतीव लोखंडाचे पाच नळ होते. ते त्यांनी काढून भंगारात विकले. १८७९ मध्ये क्लबवाले आले. त्यांनी भगदाड माती, झुडपं, गवत असं मिळेल ते घालून बुजवलं, वरून घोडागाडी जावी म्हणून धरणाचा माथा दोन-तीन फूट उतरवला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. नळ मात्र परत बसवले नाहीत. पाणी वाढलं तर ते उतरवायचा मार्गच त्या दिवसापासून बंद झाला.

नळ भंगारात गेले तेव्हा आणि जाळ्या लागल्या तेव्हाही पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा मुख्य मार्ग त्याच धरणाच्या पायथ्याकडून, लिटल कोनेमॉ नदीच्या काठाकाठाने जॉन्सटाउनला उतरत होता. स्वतःच्या सगळ्यात महत्त्वाच्या लाइनच्या डोक्यावरचं धरण कंपनीने भंगाराच्या भावात हातावेगळं केलं, पुढे कुणी त्याचं काय केलं ते पाहिलं नाही. कंपनीच्या पिट्सबर्ग विभागाचे प्रमुख रॉबर्ट पिटकेर्न तर त्या क्लबाचे सभासदच होते. दोष होता का, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते होता, आणि तो पुराच्या दिवशीचा नसून त्याआधीच्या तीस वर्षांचा होता.

आता नुकसानीचं. ३१ मे १८८९, शुक्रवार. आदल्या रात्रीपासून कोसळणाऱ्या पावसाने सकाळीच जागोजागी भराव खचले, दरडी आल्या. पूर्वेकडे निघालेली ‘डे एक्सप्रेस’ आणि आणखी गाड्या जॉन्सटाउनच्या वरच्या ईस्ट कोनेमॉ यार्डात अडकून पडल्या. दुपारी तीनच्या सुमारास धरण गेलं. दीड ते दोन कोटी टन पाणी, जॉन्सटाउनच्या साधारण साडेचारशे फूट वर, आणि मध्ये १४ मैलांची अरुंद, नागमोडी दरी. साउथ फोर्कच्या खाली रूळ, स्लीपर, भराव यांतलं काही राहिलं नाही. मिनरल पॉइंट नावाची वस्ती खडकापर्यंत धुऊन निघाली. ईस्ट कोनेमॉच्या यार्डातून तीसेक इंजिनं वाहून गेली. त्यांतली काही ऐंशी टनांपर्यंतची होती. शेड, डबे, वाघिणी तर मोजण्यापलीकडे. काही इंजिनं जवळजवळ मैलभर खाली चिखलात सापडली. चार वाजून सात मिनिटांनी ते सगळं जॉन्सटाउनवर आदळलं. ज्या कॅम्ब्रिया आयर्न कंपनीच्या कारखान्यात देशभरासाठी रूळ लाटले जात, तीही त्याच गावात होती.

नुकसानीच्या जोडीला रेल्वेने त्या दिवसांत केलेलं कामही लिहायला हवं. पिटकेर्न त्या संध्याकाळी स्वतः गाडीने जॉन्सटाउनकडे येत होते. सँग हॉलो इथे गाडी थांबली आणि समोरच्या नदीतून छपरांवर, ओंडक्यांवर बसलेली माणसं वाहत जाताना त्यांनी पाहिली. बाहेरच्या जगाला पहिली खबर त्यांच्या तारेने गेली. दुसऱ्या दिवशी पिट्सबर्गहून मदतीची गाडी निघाली, पुढे गँग रूळ बसवत आणि मागे गाडी सरकत. बाल्टिमोर अँड ओहायोची शाखा दुसऱ्या बाजूने गावात येत होती, तिनेही मदत आणली. ५ जूनला क्लारा बार्टन आपली रेडक्रॉसची माणसं घेऊन पोचल्या. मिनरल पॉइंटच्या वरचा रेल्वेचा दगडी पूल वाहून गेला होता, त्याच्या जागी लाकडी घोड्यांचा तात्पुरता पूल त्याच महिन्यात उभा राहिला आणि मुख्य मार्ग पुन्हा सुरू झाला. यंत्रं फारशी नव्हती. हे सगळं हातांनी केलेलं काम आहे. माझ्या मनात त्या गँगबद्दल निखळ आदर आहे.

क्लबवर दावे झाले, पण कुणालाच भरपाई मिळाली नाही; कोर्टांनी ती दैवी आपत्ती मानली. अमेरिकन सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेच्या समितीने १८९१ च्या अहवालात म्हटलं की क्लबने बदल केले नसते तरी धरण गेलंच असतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने नव्याने गणित मांडून हे खोडलं: मूळ उंची आणि ते पाच नळ असते तर धरण त्या दिवशी तगलं असतं. शंभरावर वर्षांनी का होईना, हिशेब कागदावर आला.

प्रश्न : इंजिन ड्रायव्हरने शिट्टी बांधून ठेवली आणि गाव वाचवलं, अशी एक गोष्ट वाचली. खरी आहे का? आणि तारयंत्र असताना लोकांना आधी का कळलं नाही? — लोकलने रोज जाणारा एक वाचक, बदलापूर

उत्तर : खरी आहे. जॉन हेस हे दुरुस्तीच्या गाडीचे ड्रायव्हर, ईस्ट कोनेमॉच्या वर रुळांवर काम चालू असताना तिथे उभे होते. वरून येणारा आवाज त्यांनी ओळखला. शिट्टीची दोरी बांधून टाकली आणि इंजिन मागे घेत यार्डाकडे निघाले. रेल्वेच्या गावात अखंड वाजणारी शिट्टी म्हणजे काय, हे लहान मुलालाही समजतं. माणसं घरांतून बाहेर पडून टेकडीकडे धावली. हेस इंजिनातून उडी मारून आपल्या घरच्यांना घेऊन टेकडीवर गेले. इंजिन पाण्याने नेलं. त्या दिवशी वेळेवर आणि सगळ्यांना समजेल अशी पोचलेली सूचना माझ्या माहितीत ही एकच.

तारांचं दुःख वेगळं आहे. क्लबचे तरुण इंजिनिअर जॉन पार्क दुपारच्या आधीच घोड्यावरून साउथ फोर्कला सांगायला आले. तिथल्या तारेवर एमा एहरनफेल्ड होत्या. पावसाने मधल्या तारा तुटलेल्या, म्हणून निरोप काही अंतर माणसाच्या हाती रुळांवरून चालत पुढे गेला. तरी तो यार्डात पोचला, जॉन्सटाउनलाही पोचला. पण धरण फुटणार अशी आवई दर पावसाळ्यात उठत असे, आणि दरवर्षी काही होत नसे. ज्यांच्या हातात कागद आला, त्यांनी तो वाचून बाजूला ठेवला.

मला सगळ्यात जास्त सलतं ते यार्डात उभ्या असलेल्या गाड्यांमधल्या प्रवाशांचं. सकाळपासून ते डब्यांत बसून होते. टेकडी समोर दिसत होती. त्यांना ‘उतरा आणि वर जाऊन थांबा’ एवढं कुणी सांगितलं नाही. शिट्टी ऐकल्यावर जे तडक पळाले त्यांतले बहुतेक वाचले, पण रूळ आणि टेकडी यांच्यामध्ये पाण्याने भरलेला एक चर होता, तो ओलांडताना काहींचा वेळ गेला. दोन तरुणी रबरी बूट आणायला परत डब्याकडे वळल्या आणि तिथेच गेल्या, असं त्या वेळच्या वृत्तांतांत आहे.

तुम्ही बदलापूरचे, म्हणून हेही लिहितो. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. चहूकडे पाणी, आत हजारावर प्रवासी. एनडीआरएफ, नौदल आणि आजूबाजूच्या गावकऱ्यांनी होड्यांतून सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. तिथे खाली उतरू नका, डब्यातच थांबा, हाच सल्ला बरोबर होता. पाणी हळूहळू चढत होतं, उंच डबा सुरक्षित होता आणि बाहेर वाट दिसत नव्हती. ईस्ट कोनेमॉला नेमका उलटा सल्ला हवा होता. पुराच्या दिवशी गाडी उभी करणं सोपं आहे. प्रवाशांना काय सांगायचं, हे वर नदीत काय चाललं आहे ते कळल्याशिवाय ठरवता येत नाही. म्हणून कंट्रोलमधल्या माणसाला रुळांइतकीच नदीची आणि धरणांची खबर मिळाली पाहिजे.

प्रश्न : मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पूल पुरात टिकणं हेच चांगल्या डिझाइनचं लक्षण असं आम्हाला शिकवतात. जॉन्सटाउनचा पूल टिकल्यामुळे माणसं मेली, असं तुम्ही लिहिलंत. हे कसं? — विद्यार्थी, कराड

उत्तर : तुझा प्रश्न या सगळ्या पत्रांतला सगळ्यात मोलाचा आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

त्या दरीत दोन दगडी पूल होते. पहिला वर, मिनरल पॉइंटच्या आधी. नदी तिथे दोनेक मैलांचा वळसा घेऊन परत जवळजवळ त्याच जागी येते. तो वळसा टाळण्यासाठी पोर्टेज रेलरोडवाल्यांनी १८३३ मध्ये ऐंशी फुटांची एकच कमान टाकून सुमारे पंचाहत्तर फूट उंचीचा पूल बांधला होता. पेनसिल्व्हेनिया रेलरोड तोच वापरत होती. पाणी वरून आलं ते एकटं नव्हतं. झाडं, घरं, साउथ फोर्कचा पूल, सगळं घेऊन आलं. कमानीत ते अडकलं आणि बूच बसलं. पाच-सात मिनिटं त्या पुलाने सगळा पूर अडवून धरला. मागे पाणी चढत गेलं आणि मग पूल एकदम गेला. धरणापासून निघालेला लोंढा एव्हाना वळणांवळणांनी थोडा दमला होता. या पुलाने त्याला पुन्हा उंची दिली, म्हणजे धरण दुसऱ्यांदा फुटलं आणि ते खाली, गावांच्या जवळ.

दुसरा पूल जॉन्सटाउनच्या खालच्या टोकाला, लिटल कोनेमॉ आणि स्टोनीक्रीक या नद्या जिथे एकत्र येतात त्याच्या लगेच पुढे. सात कमानी, वर चार रूळ, नुकताच बांधलेला. लोंढ्याचा मुख्य धक्का समोरच्या डोंगराने घेतला आणि पाणी उलटं फिरून पुलापाशी आलं, त्यामुळे पुलावर पूर्ण जोर आला नाही. पूल उभा राहिला. कमानींत मात्र गाव अडकलं: घरांचे वासे, डबे, इंजिनांचे सांगाडे, झाडं, आणि वरच्या गॉटियर कारखान्यातली मैलोन्‌मैल काटेरी तार, जिने सगळं एकमेकांत शिवून टाकलं. सुमारे तीस एकरांचा ढीग. त्यात जिवंत माणसं होती. संध्याकाळी ढिगाला आग लागली, कुठल्या तरी उलथलेल्या चुलीतून किंवा दिव्यातून असावी, आणि ती काही दिवस धुमसत राहिली. ऐंशीच्या आसपास माणसं तिथे गेली असं मानलं जातं.

आता दुसरी बाजू. त्याच ढिगावरून चालत, सरपटत अनेक जण काठाला पोचले. आणि पूल गेला असता तर खालच्या गावांवर पाण्याबरोबर अख्खं जॉन्सटाउन गेलं असतं. म्हणून पूल बांधणाऱ्या गवंड्यांना मी दोष देत नाही. त्यांचं काम उत्तम होतं. मला एवढंच म्हणायचं आहे की नदीवर भराव घालून त्यात कमानी ठेवल्या, की पुराच्या दिवशी ते बांधकाम पाणी अडवणार आहे हे गृहीत धरून बसायला हवं. कमानीतून किती घनफूट पाणी जातं याचं गणित तू परीक्षेत करशील. पाण्याबरोबर काय काय येईल आणि वाट अर्धी बुजली तर मागे पाणी किती चढेल, तेही त्याच कागदावर करत जा. मागे पाणी चढण्याला आम्ही ‘अफ्लक्स’ म्हणतो. पुस्तकात तो इंचांत असतो. मिनरल पॉइंटच्या वर तो अख्ख्या पुलाच्या उंचीएवढा झाला होता.

सुट्टीत एखाद्या ओढ्यावरचा रेल्वेपूल पाहा, पूर ओसरल्यावर लगेच. खांबावर रंगवलेली धोक्याच्या पातळीची खूण दिसेल. तिच्याकडे नको पाहूस. खांबाच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, वाळलेलं गवत, काटक्या, प्लास्टिकच्या पिशव्या यांची एक आडवी रेघ अडकलेली असते. पाणी खरोखर कुठवर आलं ते ती सांगते. मग खालच्या अंगाला जा आणि तिथली रेघ शोध. दोन रेघांच्या उंचीतला फरक म्हणजे तुझ्या पुस्तकातला अफ्लक्स. आमचे जुने मुकादम हे एका नजरेत सांगत. रुळांखालून ओढा काढणाऱ्या एका मोरीपाशी वरची रेघ खालच्यापेक्षा पुरुषभर उंच होती. मुकादमाने काही न बोलता बांबू आत घातला, तर मोरी निम्मी गाळाने भरलेली निघाली. कागदावर तिचं माप पूर्ण होतं.

प्रश्न : आपल्या देशात धरण किंवा तलाव फुटून रेल्वेचा असा अपघात झाला आहे का? — एक वाचक, लातूर

उत्तर : हो. २९ ऑक्टोबर २००५ च्या पहाटे, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या नळगोंडा जिल्ह्यात वलिगोंडाजवळ. मुसळधार पावसात वरचा एक लहान तलाव फुटला, त्याच्या पाण्याने रुळांखालचा भराव नेला, आणि डेल्टा पॅसेंजर त्या लटकत्या रुळांवर आली. शंभरावर माणसं गेली. तलाव गावचा, रूळ रेल्वेचे.

आपल्या रेल्वेत अशा तलावांची, बंधाऱ्यांची नोंद ठेवायची आणि पावसाळ्याआधी राज्य सरकारच्या माणसांबरोबर त्यांची पाहणी करायची, असा नियम आहे. नियम चांगला आहे, त्यात जॉन्सटाउनचं उत्तर आहे. पण लाइनपासून चार-पाच किलोमीटर आत, रस्ता नसलेल्या जागी चिखल तुडवत जाऊन सांडव्यात वाढलेली बाभळीची झाडं कुणी मोजायची, हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. मी तरुण असताना एका तलावाचा सांडवा गावकऱ्यांनी मासे धरण्यासाठी दगड रचून बंद केलेला पाहिला. दुपारभर बसून त्यांना समजावलं आणि त्यांनी तो स्वतः मोकळा करून दिला. लातूर भागात पाणी अडवण्याची किती गरज आहे ते मला ठाऊक आहे. अडवाच. पण सांडवा मोकळा आहे ना, हे ग्रामसभेत मे महिन्यात विचारा. आणि खालून रेल्वे जात असेल तर जवळच्या स्टेशनमास्तरांना तलावाची अवस्था लेखी कळवा. तो कागद योग्य माणसापर्यंत जातो.

प्रश्न : पुढच्या वर्षी आम्ही दोघं अमेरिकेला जाणार आहोत. हे सगळं रेल्वेने जाऊन बघता येईल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : बरंचसं. न्यूयॉर्क-पिट्सबर्ग ‘पेनसिल्व्हेनियन’ गाडी जॉन्सटाउनला थांबते. पिट्सबर्गहून निघालात तर स्टेशन येण्याच्या थोडं आधी गाडी त्याच सात कमानींच्या पुलावरून जाते. मालगाड्याही अजून त्यावरूनच धावतात. गावात पुराचं संग्रहालय आहे. ग्रँडव्ह्यू दफनभूमीत ओळख न पटलेल्या ७७७ जणांच्या कबरी आहेत, तिथे जरूर जा. पोर्टेज रेलरोडचा १८३३ चा स्टेपल बेंड बोगदा, अमेरिकेतला पहिला रेल्वे बोगदा, मिनरल पॉइंटच्या बाजूने पायवाटेने चालत पाहता येतो. गुडघे दुखत असतील तर तो सोडा. धरणाची दोन्ही टोकं साउथ फोर्कजवळच्या राष्ट्रीय स्मारकात राखलेली आहेत, पण ही गाडी साउथ फोर्कला थांबत नाही. जॉन्सटाउनला उतरून तिथून मोटारीने जावं लागेल.